कपल थेरपीचा फॉर्म वाचून सही करा (माझा अनुभव)

आधीच सांगते, हे मी चिडून लिहितेय. दीड वर्ष होत आलं तरी तो चार पानी फॉर्म आठवला की माझं डोकं फिरतं, त्यामुळे पुढचं मागे मागचं पुढे झालं तर चालवून घ्या.

मूळ गोष्ट थोडक्यात. नवऱ्याचं ऑफिसमधल्या एकीबरोबर वर्षभर चालू होतं. मला कळलं फास्टॅगमुळे. गाडी माझ्या नावावर, मेसेज माझ्या मोबाइलला येतात, हा म्हणे इथे नाशिकमध्येच, अंबडला मीटिंगमध्ये, आणि मेसेज मुंबईच्या वाटेवरच्या घोटी टोलनाक्याचा. मी पतसंस्थेत कॅश काउंटरला असते, हातात पाचशेचं बंडल होतं, ते तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. पुढचे पंधरा दिवस सोडून देते.

भाऊ म्हणाला पोलिसात जाऊ. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की व्यभिचाराचं कलम 497 सुप्रीम कोर्टाने 27 सप्टेंबर 2018 लाच रद्द केलंय, आणि गंमत बघा, ते होतं तेव्हाही बायकोला नवऱ्याविरुद्ध तक्रार करता येतच नव्हती, तो हक्क त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला! घटस्फोटासाठी मात्र ते कारण आजही चालतं. सासूबाई म्हणाल्या घराला काहीतरी दोष आहे, त्र्यंबकला नारायण नागबळी करून या. मला यातलं काहीच नको होतं, या माणसासोबत राहायचं की नाही एवढं एकदा मला कळायला हवं होतं. म्हणून कपल थेरपी.

कॉलेज रोडच्या एका गल्लीत मॅडम मिळाल्या. दोन आठवडे वेटिंग, शनिवार संध्याकाळचा स्लॉट, दहा सेशनचं पॅकेज आगाऊ भरायचं. रिसेप्शनच्या मुलीने आम्हा दोघांच्या हातात फॉर्म दिला, चार पानं, सगळं इंग्लिश, अक्षर मुंगीएवढं, आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवलेली. आता मी रोज काउंटरवर वीसदा म्हणते की काका वाचून सही करा, आणि मी स्वतः काय केलं, तर फुली दिसेल तिथे सही करत गेले. रडून रडून डोळे सुजलेले, समोर फिशटँक, शेजारी दुसरं जोडपं, त्यांना वाटायला नको की ही बाई एवढं काय वाचतेय. तिथेच चुकलं.

पहिलं सेशन दोघांचं, मग एकेकट्याचं, मग परत दोघांचं. दर मंगळवारी नवऱ्याचं वेगळं सेशन असायचं, का ते मी विचारलं नाही. एकत्र बसलो की मॅडम होमवर्क द्यायच्या. रोज एकमेकांच्या तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या. मी ओट्याशी उभी राहून सांगितलंय, "सिलिंडर लावलास, छान लावलास." रात्री जेवताना दहा मिनिटं हात हातात घेऊन बसायचं, तेही केलं. माझा हात असा लाकडासारखा व्हायचा, पण केलं. आणि खरं सांगते, पाचव्या सेशनपर्यंत मला वाटायला लागलं होतं की जमतंय बहुतेक.

सहाव्या सेशनला मॅडम डायरी चाळत नवऱ्याला सहज म्हणाल्या, "मग मंगळवारी आपलं ठरलं होतं त्याचं काय झालं, केलंत का ब्लॉक?"

कोणीच काही बोलेना. बाहेरच्या फिशटँकची मोटर आतपर्यंत ऐकू येत होती. नवरा बुटाच्या लेसकडे बघत बसला. मी म्हटलं, काय ब्लॉक? कोणाला? मॅडमनी डायरी मिटली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही दोघं घरी शांतपणे बोला."

म्हणजे त्या बाईशी मेसेज चालूच होते. ह्याने दुसऱ्याच आठवड्यात एकटं असताना मॅडमना सांगितलं होतं, आणि त्यांना हे माहीत असताना मी दर रात्री याचा हात धरून बसत होते, त्यांच्याच सांगण्यावरून! मी आवाज चढवला (चढवलाच, खोटं कशाला बोलू) तर त्यांनी शांतपणे फॉर्म काढून तिसरं पान दाखवलं. वैयक्तिक सेशनमध्ये सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय जोडीदाराला सांगितली जाणार नाही. खाली माझी सही, त्या फुलीच्या वर.

कागद बरोबर होता, हाच तर सगळा संताप आहे. बँकेत असं झालं असतं तर मीच ग्राहकाला म्हणाले असते की ताई, सही तुमचीच आहे ना. उरलेल्या चार सेशनचे पैसे परत मागितले तर "ते क्रेडिट राहील, कधीही या." ते क्रेडिट अजून तसंच आहे. त्यानंतर दीड महिना मी माहेरी होते, पंचवटीतच, पण नवऱ्याचं तोंड बघितलं नाही. घोटी टोलच्या दिवसापेक्षा हा दिवस मला जास्त लागला, कारण पहिल्यांदा फक्त नवऱ्याने फसवलं होतं, दुसऱ्यांदा मी पैसे भरून फसले.

आता जे मला नंतर कळलं ते सांगते. थेरपिस्टच्या दोन पद्धती असतात. काही जण एकट्यात सांगितलेलं गुपित ठेवतात, काही आधीच बजावतात की माझ्याकडे गुपित चालणार नाही. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली ते पहिल्या वेगळ्या सेशनच्या आधी तोंडाने, तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगायला हवं. फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "याने तुम्हाला एकट्यात काही सांगितलं तर मला कळणार का?" उत्तर देताना घुटमळले तर फोन ठेवा. आणि बाहेरचं चालू असताना जवळीक वाढवायचे व्यायाम देणं म्हणजे छत गळतंय आणि आपण भिंत रंगवतोय.

दुसरे सर इंदिरानगरच्या बाजूला मिळाले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआयचा (म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा) रजिस्ट्रेशन नंबर भिंतीवर लावलेला. (हे बघाच. नुसतं काउन्सेलर असं कोणीही लिहू शकतं.) नवऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न होता, "संपलंय का? नसेल तर आज आपण तिघं बसणार नाही." मग स्वच्छ मराठीत नियम सांगितला, की एकट्यात काही महत्त्वाचं निघालं तर दोघांसमोर सांगायला मी वेळ देईन, नाही सांगितलं तर थेरपी थांबवीन. मला एकटीला विचारलं, घरी मारहाण होते का, त्याची भीती वाटते का. तसं असेल तर जोडीने बसवत नाहीत, कारण तिथे खरं बोललेलं घरी जाऊन महागात पडू शकतं. त्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे. आणि नवरा यायलाच तयार नसेल, रात्री झोपच लागत नसेल तर 14416 ला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे.

सरांची पद्धत तीन टप्प्यांची. गॉर्डन, बॉकम आणि स्नायडर अशा तिघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली, असं त्यांनी सांगितलं. आधी बसलेला धक्का सावरायचा, मग हे का झालं ते शोधायचं आणि शेवटी राहायचं की वेगळं व्हायचं ते ठरवायचं. वेगळं होणं हाही त्यात पूर्ण मान्य शेवट आहे, हे ऐकून मला पहिल्यांदा श्वास आला. अधूनमधून ते गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींची पद्धतही वापरतात, त्यात आधी प्रायश्चित्त, मग सूर जुळवणं, मग जवळीक. म्हणजे आमच्या पहिल्या मॅडमनी थेट शेवटच्या पायरीवर नेऊन उभं केलं होतं. नारायण नागबळी तीन दिवसांत उरकतो, आमच्याकडे प्रायश्चित्ताचे आठ महिने झालेत.

उपयोग सगळ्यात जास्त वहीचा झाला. मला दिवसभर प्रश्न पडायचे, रात्री दोन वाजता याला उठवून विचारायचे. सर म्हणाले, वहीत लिहा, मंगळवार आणि शुक्रवार मुलगी झोपल्यावर वीस मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून. त्याने चिडायचं नाही, खरं सांगायचं. कधीपासून, कुठे, कोणाकोणाला माहीत होतं, पैसे किती गेले, हे विचारा. ती दिसायला कशी, माझ्यापेक्षा काय, असलं विचारू नका, ती चित्रं डोक्यातून जात नाहीत. मी एक तसलाच प्रश्न विचारला, आणि ते चित्र अजून आहे.

फास्टॅगचा मेसेज वाजला की अजूनही पोटात गोळा येतो. मला वाटायचं मीच वेडी झालेय, पण सर म्हणाले मोठ्या अपघातातून आलेल्या माणसालाही असंच होतं. आता घाटावरून निघाला की हा आधी फोन करतो, टोल लागेल म्हणून.

आणि हो, राहिलंच, तपासण्या करून घ्या, एचआयव्ही आणि बाकीच्या सगळ्या. लाजू नका, लॅबवाल्यांना काही पडलेली नसते.

अजून एक. सेशनला वेगवेगळ्या गाड्यांवर जा. आतून रडून बाहेर पडायचं आणि मग त्याच माणसाच्या मागे बसून द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकायचं, बोलताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही. आम्ही कित्येक महिने दोन गाड्या नेल्या. मागच्या शनिवारी माझ्या अ‍ॅक्टिव्हात पेट्रोल नव्हतं म्हणून याच्या मागे बसले. पिशवी मध्ये ठेवली होती.