वॉर्डातून कोडिंगकडे: आमची वाटचाल

मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे पेशंटच्या फायलीतली निदानं आणि उपचार ठरावीक कोडमध्ये मांडण्याच्या कामात, येण्याआधी मी सर्जरी वॉर्डात नर्स होते. ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटच्या पट्टीवर लाल डाग दिसला, की पेनाने त्याच्या कडेने रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. रक्त रेघेबाहेर पसरलं, की डॉक्टरांना फोन. तोवर वर आणखी एक गॉझ ठेवून दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचं. मध्येच उचलून पाहिलं तर धरू लागलेली गुठळी सुटते.

१ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम, म्हणजे निदानांच्या कोडची नवी यादी, लागू झाली, आणि त्यानंतर वर्षभरात मी व माझ्या दोन मैत्रिणींनी मिळून तिथल्या सर्जरीच्या फायलींचं कोडिंग घ्यायला सुरुवात केली. तीन कॉम्प्युटर, एक खोली.

पहिली मोठी चूक लवकरच झाली. हर्नियाच्या एका फायलीत नर्सची नोंद होती, ‘ड्रेसिंग रक्ताने भिजलं, बदललं.’ आम्ही सरळ एल७६.२२ लावला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर त्वचा व त्वचेखालच्या भागातला रक्तस्राव. ऑडिटमध्ये फाईल परत आली. सर्जनच्या मते तो अपेक्षित पाझर होता. मला फार लागलं ते, कारण वॉर्डात असा पाझर मी स्वतः शेकडो वेळा पाहिला होता आणि खुर्चीत बसल्यावर विसरले होते. हा कोड म्हणजे ऑपरेशनमुळे गुंतागुंत (कॉम्प्लिकेशन) झाली असं सांगणारा कोड. तो पेशंटच्या इतिहासात आणि सर्जनच्या आकडेवारीत जाऊन बसतो. नियम स्पष्ट आहे: ऑपरेशननंतर घडलं म्हणजे ऑपरेशनमुळे घडलं असं नाही. तो संबंध डॉक्टरांनी लिहिलेला हवा. नसेल तर विचारायचं.

विचारायचं कसं, हे शिकण्यात आमची खरी वर्षं गेली. ‘ही गुंतागुंतच होती ना?’ असं विचारणं म्हणजे उत्तर तोंडात घालणं. आता आमच्या क्वेरीत, म्हणजे डॉक्टरांना पाठवायच्या लेखी प्रश्नात, ड्रेनमधून (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून) किती मिलीलीटर आलं, हिमोग्लोबिन कितीवरून कितीवर उतरलं, काय उपचार केले, एवढं मांडून निदान डॉक्टरांवर सोडलेलं असतं. हिमोग्लोबिन घसरलेलं दिसलं म्हणून डी६२, म्हणजे तीव्र रक्तस्रावाने आलेला ॲनिमिया, आम्ही स्वतःहून लावत नाही.

बाकी फरकही हळूहळू हाताखालून गेले. ऑक्टोबर २०१६पासून साकळलेल्या रक्ताला, म्हणजे हिमॅटोमाला, एल७६.३२ असा वेगळा कोड मिळाला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत रक्तस्रावासाठी त्याच सर्जनने पेशंटला पुन्हा थिएटरमध्ये नेलं तर मॉडिफायर ७८, म्हणजे शस्त्रक्रियेच्या कोडला जोडायची दोन अंकी खूण, लागतो. खाटेवरच पट्टी बदलली, दाब दिला, तर मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा योजना, त्याचे वेगळे पैसे देत नाही. हा एक नियम नीट न वाचल्याने क्लेम अडकलेले मी पाहिलेत.

आज आम्ही अकरा जण आहोत. नव्या मुलीला पहिला आठवडा कोड लावू देत नाही, फक्त नर्सिंग नोट्स वाचायला देते. परवा पहिला आठवडा संपलेली अशीच एक मुलगी फाईल घेऊन आली. आठव्या दिवशी रक्तस्राव, सोबत ताप आणि पू. ‘ताई, इतक्या उशिरा रक्त का?’ तिने क्वेरी लिहिली. सर्जनचं उत्तर आलं: टाक्यांच्या जागी वरवरचा संसर्ग, रक्तस्राव त्यामुळे. एल७६.२२च्या जोडीला टी८१.४१एक्सए, म्हणजे ऑपरेशनच्या जखमेतल्या वरवरच्या संसर्गाचा कोड, तिनेच लावला.