तुम्ही विचारलंत म्हणून: एरिथेचे सिनेमे चारच का?

"पन्नास वर्षांत पूर्ण लांबीचे सिनेमे चार! तुमचा हा स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्तोर एरिथे आळशी आहे की अति चोखंदळ?" हे मला कुणी ना कुणी विचारतंच. त्यामागे एक गोड समजूतही असते, की हा कुणी ऋषी असून दहा-दहा वर्षं तपाला बसतो.

तप कसलं! १९७३ साली पहिल्याच सिनेमाला सान सेबास्तियानच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दुसरा, 'एल सुर' (म्हणजे 'दक्षिण'), आला १९८३ मध्ये, तोही अर्धाच. निर्माते एलियास केरेखेता यांनी पैशांचं कारण सांगून चित्रीकरण मध्येच थांबवलं. नायिका दक्षिणेला जायला बॅग भरते आणि सिनेमा संपतो; दक्षिणेतला भाग चित्रित झालाच नाही. समीक्षक म्हणतात, ती न दिसलेली दक्षिण हेच त्याचं सौंदर्य. असेल बुवा, पण पटकथा लिहिणाऱ्या एरिथेला ते सौंदर्य नको होतं.

जे चित्रित झालं तेही काय आहे! हॉटेलात बाप-लेक जेवतात. शेजारच्या दालनात लग्न आहे, तिथला बँड नेमकं तेच गाणं वाजवतो, ज्यावर ही दोघं तिच्या लहानपणी नाचली होती. तो तिला आठवण करून देतो. ती वर्गाला जायचं म्हणून उठते. बाप टेबलाशी एकटा उरतो. रडारड नाही, काही नाही.

तिसरा, १९९२ चा, चित्रकार आंतोनिओ लोपेस अंगणातलं फळझाड रंगवतो त्याचा. फळं वजनाने खाली झुकतात, म्हणून तो पानाफळांवर पांढऱ्या खुणा करत राहतो. या सिनेमाला कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला.

पुढे हुआन मार्से यांच्या कादंबरीवर एरिथेने पटकथा लिहिली, 'शांघायचं वचन'. ती छापली गेली, पण सिनेमा अखेर दिग्दर्शक फेर्नांदो त्रुएबाने स्वतःच्या पटकथेवरून केला.

चौथ्या, २०२३ च्या 'सेर्रार लोस ओखोस'चा (म्हणजे 'डोळे मिटणे') नायक असाच एक दिग्दर्शक. नट बेपत्ता झाल्यामुळे त्याचा सिनेमा अपुरा राहिलाय, आणि त्या अपुऱ्या सिनेमात शोधायची असते शांघायमधली एक मुलगी. याला मी तरी योगायोग म्हणणार नाही.

आणि हो, सुरुवात या शेवटच्यापासून करू नका. आधी 'एल सुर' बघा.