शहात्तर न घेणारा कंट्रोलर

वसुबारसेच्या पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे दूध प्लांटवरचे रात्रपाळीचे ऑपरेटर होते. अख्खा प्लांट त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो.

"साहेब, ह्यो सत्तर घेतोय, ऐंशी घेतोय, पन शहात्तर काय घेत न्हाई. सगळं दूध माघारी यायलंय."

मी झोपेत होतो. 'दूध माघारी' एवढंच कानात शिरलं आणि मी पँट चढवली. आधीच्या वाक्यात सगळं उत्तर होतं, ते कळायला मला पुढे दोन तास लागले.

प्लांट तासगाव रस्त्याला आहे, मी कुपवाडला राहतो. तिथलं पॅनल, म्हणजे मशिनरी चालवणारी विजेची पेटी, माझंच, प्रोग्रॅमही माझाच. पाश्चरायझरमध्ये, म्हणजे दूध तापवून जंतू मारायच्या यंत्रात, दूध किमान 72 अंशांवर 15 सेकंद राहायला लागतं. त्याखाली तापमान गेलं की डायव्हर्ट व्हॉल्व्ह पडतो आणि दूध पुढे न जाता परत सुरुवातीच्या टाकीत, बॅलन्स टँकमध्ये येतं. या व्हॉल्व्हचा सेन्सर आणि वायरिंग वेगळी ठेवलेली असते, त्यात माझ्या प्रोग्रॅमचा काही संबंध नाही. त्या दिवशी तेच बरं झालं. वाफेचा व्हॉल्व्ह सांभाळायला एक साधा पीआयडी कंट्रोलर आहे, ठरवलेलं तापमान राखणारा, पॅनलच्या दारावर बसणारा. वरचे लाल आकडे म्हणजे चालू तापमान, खालचे हिरवे म्हणजे सेट किंवा सेटपॉइंट, आपल्याला हवं ते तापमान. जरा हात राखून आम्ही सेट 76 ठेवतो. टचस्क्रीनवर ऑपरेटर आकडा टाकतो, पीएलसी, म्हणजे पॅनलमधला छोटा कॉम्प्युटर, तो आरएस-485 नावाच्या दोन तारांच्या जोडणीवरून मॉडबस या यंत्रांच्या भाषेत कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात लिहिते.

पोचलो तेव्हा बाहेर दोन टँकर उभे, आत सुपरवायझर कमरेवर हात ठेवून उभे. दिवाळीच्या तोंडावर दुधाची मागणी किती असते ते सांगायला नको. लाल आकडे 69.5 च्या आसपास घुटमळत होते आणि हिरवे 69.6. स्क्रीनवर मात्र ठळक 76.0.

हे रजिस्टर मला नवीन नव्हतं. पॅनल चालू करतानाच त्याने मला छळलं होतं. मॅन्युअलमध्ये पत्ता 40006 छापलेला, पण तारेवर जाताना तो 0005 होतो. 1979 साली मॉडिकॉनने मॉडबस काढलं तेव्हापासूनची ही एकाने चुकण्याची परंपरा आहे, आणि मीही ती पाळली. शेजारच्या अलार्मच्या रजिस्टरमध्ये सेटपॉइंट लिहीत बसलो. ते सुधारलं तर एक्सेप्शन 01 हा नकार यायला लागला, म्हणजे हे फंक्शन, हा हुकूम चालत नाही. एकच रजिस्टर लिहायचं म्हणून मी फंक्शन 6 वापरत होतो, या कंट्रोलरला एका रजिस्टरसाठीही 16 च लागतं. दशांशचिन्ह तारेवर जात नाही, त्यामुळे 76.0 चे 760 करून पाठवायचे. हे सगळं दसऱ्याच्या आत निस्तरलं होतं.

म्हणून पहाटे पहिला संशय केबलवर गेला. मधल्या आठवड्यात त्याच ट्रेमधून दुधाच्या पंपाच्या ड्राइव्हची (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राची) पॉवर केबल टाकलेली दिसली. मनात म्हटलं, सापडला चोर, हिचाच नॉइज सिग्नलमध्ये शिरतोय. शील्डचं अर्थिंग बघितलं, टोकाचा 120 ओहमचा रेझिस्टर मोजला, केबल ट्रेमधून काढून हवेत लोंबकळत ठेवली. हिरवे आकडे 69.6 चे 69.6 च.

यात पाऊण तास गेला, आणि तो गेला नसता तरी चाललं असतं. मॉडबसच्या प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे निरोपाच्या, शेवटी सीआरसी हा पडताळणीचा आकडा असतो. नॉइजने फ्रेम बिघडली तर कंट्रोलर ती टाकून देतो, उत्तरच देत नाही. बिघडलेली फ्रेम दर वेळी नेमके 696 च कशी लिहील? हे मी स्वतः पोरांना शिकवतो. पण दारात टँकर उभे असले की शिकवलेलं आठवत नाही, हात आधी पकडीकडे जातो.

मग लॅपटॉप काढला, यूएसबीचा कन्व्हर्टर त्याच दोन तारांवर लावला आणि नुसतं ऐकत बसलो. पीएलसीकडून जात होतं 'शून्य दोन, एफ आठ'. हेक्समधले, म्हणजे सोळाच्या आकडेपद्धतीतले 760, बरोबर. कंट्रोलरचं उत्तर: लिहिलं. कुठलंही एक्सेप्शन नाही. फक्त फंक्शन 16 च्या उत्तरात पत्ता आणि किती रजिस्टर लिहिली एवढंच परत येतं, आकडा परत येत नाही. 6 मध्ये निदान पाठवलेला आकडा तसाच परत ऐकवतात, तोही पाठांतरासारखाच. खरं काय लिहिलं गेलं ते पुन्हा वाचल्याशिवाय कळत नाही. मी वाचून बघितलं. 'शून्य दोन, बी आठ'. 696.

म्हणजे कंट्रोलर हो म्हणत होता आणि दुसरंच लिहीत होता.

कंट्रोलरची बटणं मी लॉक करून ठेवली होती, कोड फक्त माझ्याकडे. लॉक काढला आणि बटणानेच सेट वर नेला. 75.9, 76.0. बोट उचललं. दोन सेकंदांनी 69.6. केबल, पीएलसी, माझा प्रोग्रॅम, सगळे एका झटक्यात सुटले. हे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं.

"मी फोनवर काय म्हनलं?" मामा चहाचा कप पुढे करत म्हणाले. "सत्तर घेतोय. ऐंशी घेतोय. ह्येला शहात्तरच नको हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग 76.0 मधून 69.6 वजा केले. 6.4. म्हणजे रजिस्टरमध्ये 64.

चौसष्ट आकडा दिसला की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. कंट्रोलरच्या पोटात आकडा वजनांनी तोलला जातो, जुन्या तराजूसारखा. या वजनांनाच आम्ही बिट म्हणतो. वजनं दुपटीची: 1, 2, 4, 8, 16, 32, 64, 128, 256, 512. 760 तोलायचे तर 512, 128, 64, 32, 16 आणि 8 लागतात. यातलं 64 चं वजन हरवलं तर पारड्यात 696 उरतात. 700 तोलायला 64 लागतच नाही, 800 लाही नाही. म्हणून सत्तर आणि ऐंशी सुखाने जात होते.

दुधाच्या पावतीच्या मागे हिशोब केला. मामांना म्हटलं, 75 टाका, 68.6 दिसायला हवेत. दिसले. 74 टाका, 67.6. तेही दिसले. सुपरवायझर आता कमरेवरचे हात काढून जवळ आले होते. 70.4 ते 76.7 मधल्या प्रत्येक आकड्याला 64 लागतात, त्यामुळे तो सगळा पट्टा मेलेला. पण 768 पासून पुढे 256 चं वजन येतं आणि 831 पर्यंत 64 ची गरजच लागत नाही.

"मामा, सत्त्याहत्तर टाका."

हिरवे आकडे 77.0 वर गेले आणि तिथेच थांबले. वाफेचा व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला. लाल आकडे चढत गेले, डायव्हर्टचा दिवा विझला. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. रात्रीतून त्यांनी 76, 75, 74, 80 सगळं करून बघितलं होतं, 77 तेवढं राहिलं होतं. ऐंशीवर चालवायला सुपरवायझर तयार नव्हते, दुधाला उकळल्याचा वास येतो म्हणून.

वजन हरवलं कसं, हा प्रश्न मी परत निघायच्या आत सुटावा अशी माझी इच्छा होती, आणि सुटू नये अशीही. कारण लॅपटॉपवर फ्रेम धावताना मला आणखी एक गोष्ट दिसली होती. 'शून्य दोन, एफ आठ' एकदा नाही, दर सेकंदाला जात होतं.

ते मीच केलं होतं. सुरुवातीला ऑपरेटर कंट्रोलरच्या बटणांनी सेट बदलायचे, मग स्क्रीनवर एक आकडा आणि कंट्रोलरवर दुसरा. तक्रार आली. मी बटणं लॉक केली आणि वर पक्का बंदोबस्त म्हणून राइट ब्लॉक, म्हणजे आकडा लिहायला लावणारा प्रोग्रॅमचा तुकडा, ऑलवेज ऑन बिटवर टाकला, कायम चालू. स्क्रीनवर जे असेल ते दर सेकंदाला जाऊन बसेल. तेव्हा स्वतःवर खूश होतो.

हा कंट्रोलर आलेला सेटपॉइंट थेट ईईप्रॉम या कायमच्या मेमरीत ठेवतो, लाइट गेली तरी टिकावा म्हणून. आकडा तोच आहे का हेही बघत नाही, पुन्हा लिहितो. ईईप्रॉममध्ये एक-एक बिट लिहिताना इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ थरातून ढकलावे लागतात आणि दर वेळी तो थर थोडा झिजतो. मॅन्युअलच्या मागच्या पानांत लिहिण्याची हमी होती: 1 लाख वेळा. सेकंदाला एक या हिशोबाने ही हमी 28 तासांच्या आत संपते.

पॅनलच्या हँडलला दसऱ्याच्या पूजेचा झेंडूचा हार अजून होता, पार वाळून काळपट झालेला. दसऱ्यापासून वसुबारस सतरा दिवस. सतरा गुणिले 86,400, म्हणजे 14 लाख 68 हजार 800. रात्री दूध नसतानाही पॅनल चालूच असायचं. आतली चिप मी उघडून तपासलेली नाही, त्यामुळे हा माझा अंदाज. पण हमीच्या चौदा पट घासून घेतल्यावर एका बिटाने मान टाकली, तर दोष त्याला कसा द्यायचा?

मामांना जमेल तसं समजावलं. ते हसायला लागले. "म्हंजी सतरा दिवस तुम्ही त्येच्या कानात शहात्तर शहात्तर म्हनत बसला. बायको असती तर माहेरी गेली असती."

नवा कंट्रोलर दुपारी कोल्हापूरहून आणला, स्वतःच्या पैशाने. प्रोग्रॅममध्ये आता आकडा बदलला तरच एकदा लिहायचा, लगेच परत वाचायचा आणि जुळला नाही तर स्क्रीनवर अलार्म द्यायचा. मॅन्युअल या खेपेला पहिल्या पानापासून वाचलं. आलेला आकडा फक्त रॅममध्ये, म्हणजे लाइट गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत ठेवायचा असा एक पॅरामीटर त्यात होता. तोही चालू केला, म्हणजे लाइट आल्यावर पीएलसी एकदा पाठवते.

तोच राइट ब्लॉक मी आणखी चार पॅनलमध्ये चिकटवला होता. लक्ष्मीपूजनाच्या आत चारही ठिकाणी जाऊन आलो. घरी आकाशकंदील कोणी लावला ते मला माहीत नाही.

नवा कंट्रोलर 76 निमूट घेतो. मामा मात्र अजून सत्त्याहत्तरवरच चालवतात.