तीन ओळींची चिठ्ठी

गेल्या वर्षी माझं तिसरं सीझर झालं आणि त्याच टेबलावर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशनही. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, व्यवस्थित झालं. सांगायचंय ते त्याआधीच्या सात आठवड्यांचं. फतव्यासाठी लागणाऱ्या, डॉक्टरांच्या तीन ओळींच्या एका चिठ्ठीसाठी मी सातवा-आठवा महिना हेलपाटे घातले. आठवलं की अजून डोकं तापतं.

दुसऱ्या बाळानंतर तांबी बसवली होती, ती कधी निसटली कळलंच नाही. डॉक्टरबाईंनी जुने कागद पाहिले आणि म्हणाल्या, "दुसऱ्या वेळीच टाका पातळ झालाय, आत सगळं चिकटलंय. हे बाळ काढू, पण चौथं नको. दर सीझरला वार जुन्या टाक्यात रुतायचा धोका वाढतो, मग रक्त थांबत नाही आणि पिशवी काढायची वेळ येते. आताच ट्यूब बांधून घ्या."

तांबीला घरात कुणाची ना नव्हती. कुरआन उतरत होतं त्या काळातही आपण अझ्ल करत होतो, असं पैगंबरांचे साथी हजरत जाबिर सांगतात. ही हदीस 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. अझ्ल म्हणजे वीर्य बाहेर सोडणं. त्याच आधारावर बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, तात्पुरत्या साधनांना मुभा देतात, नवरा-बायको दोघंही राजी असतील तर. (आम्ही मानतो त्या हनफी शाखेच्या किताबांत अझ्लसाठी बायकोची परवानगी लागते. हे मी नवऱ्याला मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं.)

कायमचं ऑपरेशन मात्र वेगळं. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीचा कुवेतमधला १९८८ चा ठराव घ्या, नाही तर आमच्या मोहल्ल्यातले मौलाना घ्या, म्हणणं एकच: मूल होण्याची क्षमता कायमची बंद करणं हराम, जरूरत असेल तरच मोकळीक. सासूबाईंना तर 'नसबंदी' हा शब्दच कानावर नको. आणीबाणीत सरकारी गाडी दिसली की गावातले पुरुष उसात पळायचे, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पण सगळं त्यांच्यावर कशाला ढकलू? संमतीच्या फॉर्मवर 'हे ऑपरेशन कायमस्वरूपी आहे याची मला कल्पना आहे' या ओळीशी माझाच पेन थांबला. फतवा मलाच हवा होता.

म्हणून दारुल इफ्तामध्ये, म्हणजे मुफ्ती फतवा देतात त्या कार्यालयात, इस्तिफ्ता (लेखी प्रश्न) दिला. आठ दिवसांनी तोच कागद परत आला, खाली उर्दूत दोन ओळी: 'माहिर, दीनदार (धर्म पाळणाऱ्या) मुसलमान डॉक्टरची लेखी राय जोडा.'

दवाखान्यात गेले. खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, "ताई, असला फॉर्म आमच्याकडे नाही." फॉर्म नकोय, चिठ्ठी हवीय, म्हटलं. "कुणाच्या नावानं?" मुफ्तीसाहेबांच्या, म्हटल्यावर त्याने मान वर करून पाहिलं आणि सिस्टरकडे पाठवलं. सिस्टर म्हणाली बाई सुट्टीवर. पुढच्या गुरुवारी बाई भेटल्या, पण "मी तोंडी सांगितलंय ना, धर्माच्या कामासाठी लेखी देत नाही, उद्या कुणी कोर्टात नेलं तर?" पुन्हा दारुल इफ्ता: तोंडी चालणार नाही. पुन्हा दवाखाना. सुजलेले पाय घेऊन दोन जिने. तिथे लिफ्ट आहे, पण ती फक्त स्ट्रेचरसाठी. सगळ्यात राग कशाचा आला सांगू? दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती. प्रत्येकाला दुसऱ्याचा कागद आधी हवा होता.

बरं, 'दीनदार मुसलमान' कुठून आणू? माझी दोन्ही बाळंतपणं ज्यांनी केली त्या बाई कुलकर्णी आडनावाला शोभतील अशा, गुरुवार पाळणाऱ्या. माझं पोट आतून पाहिलंय ते त्यांनी. शेवटी नवऱ्याला घरी ठेवून मी अम्मीला घेऊन गेले आणि नायब मुफ्तींना सरळ विचारलं. तरुण होते, ऐकून घेतलं. म्हणाले, "बाजी, डॉक्टर आपल्या कामात माहिर हवा आणि तुमचा त्याच्यावर भरोसा हवा. गैरमुस्लिम असला तरी हरकत नाही." मग हे त्या दोन ओळींत का नव्हतं लिहिलं?

चिठ्ठी मिळाली ती अशी. मी 'फतवा' हा शब्दच काढला नाही. दुसऱ्या सीझरचं डिस्चार्ज कार्ड पुढे ठेवलं, टाका पातळ आणि चिकटलेलं, हे त्यावर आधीच लिहिलेलं होतं. "बाई, पुढची गरोदरपणं जिवाला धोक्याची आहेत, एवढंच केसपेपरवर लिहा." त्यांनी उभ्या उभ्या तीन ओळी लिहून सही-शिक्का मारला. सात आठवडे ज्यासाठी गेले त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. म्हणून जुनं डिस्चार्ज कार्ड जपा, माझं गॅस सिलिंडरच्या पुस्तकात सापडलं.

फतवा चार दिवसांत आला: जिवाच्या भीतीमुळे या बाईसाठी गुंजाइश (मोकळीक) आहे. 'या बाईसाठी' खाली त्यांनी रेघ ओढली होती.

हो, राहिलंच. इस्तिफ्त्यात आधी तुमचा मसलक, म्हणजे धर्मकायद्याची शाखा, लिहा. आम्ही हनफी, माझी जाऊ कोकणातली शाफई, दोघींना उत्तर एकच येईल असं नाही. प्रश्न घरी मराठीत लिहून मग कुणाकडून तरी उर्दूत उतरवून घ्या, मी घाईत 'सीझर किती झाली' हेच विसरले होते. आणि नवऱ्याची सही: दवाखान्याने मागितली, यांनी दिलीही, पण सरकारी नियमांत या ऑपरेशनला जोडीदाराची संमती सक्तीची नाही. त्यापायी कुणी परत पाठवलं तर परतू नका.

परवा शेजारची मुमताज फतव्याची झेरॉक्स मागायला आली, तिच्या सुनेसाठी. मी रेघ दाखवली. मग आतून कोरा कागद आणला आणि तिथेच ओट्याजवळ बसून तिच्या सुनेचा प्रश्न लिहायला घेतला, पहिली ओळ: सीझर किती झाली.