एडफू: ससाण्याच्या देवाकडे एक सकाळ

इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानहून निघालेली क्रूझ कोम ओम्बो करून एडफूला लागते आणि मग पहाटे अंधारातच सगळ्यांना उठवून घोडागाडीत बसवतात, कारण नंतर ऊन चढतं आणि बाकीच्या बोटींची गर्दी पण येते. गेटबाहेरचे फेरीवाले आपले चेहरे बघितले की लगेच "इंडिया? अमिताभ बच्चन!" सुरू करतात, हसायचं आणि पुढे चालायचं.

पिरॅमिड सगळेच बघतात, पण मला विचाराल तर इजिप्तचे देव भेटतात ते इथे. ससाण्याच्या रूपातला देव होरस, त्याचं हे देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये पुरं झालं, म्हणजे १८० वर्षं कामच चालू! बांधणारे टॉलेमी राजे मूळचे ग्रीक घराण्यातले, पण देव मात्र इथलाच. पुढे सगळं वाळूत गाडलं गेलं, वर लोकांनी घरं बांधली, १८६० च्या दशकात मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने उपसून काढलं. वाळूनेच वाचवलं म्हणायचं.

दर्शनी भिंतच ३६ मीटर उंच. आत जाल तसा उजेड कमी होतो, छत खाली येतं, जमीन हळूहळू वर चढते आणि शेवटी काळोख्या गाभाऱ्यात एकाच दगडातला गुळगुळीत देव्हारा. इथपर्यंत फक्त पुजारी यायचे, आम जनता बाहेरच. रोज पहाटे स्तोत्रं म्हणून देवाला उठवायचं, दार उघडायचं, धुतलेलं लिननचं वस्त्र, सुगंधी तेल, मग नैवेद्य, आणि तो नंतर पुजाऱ्यांमध्ये वाटायचा. हे ऐकताना मला पंढरपूरची काकड आरतीच डोळ्यासमोर आली. बाजूला एक छोटी खोली आहे, तिच्या भिंतींवर अत्तरं आणि उटण्यांच्या कृती चक्क कोरून ठेवल्यात, मी तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळले आणि ग्रुप पुढे निघून गेला.

होरसची बायको हॅथोर, पण तिचं देऊळ डेंडेराला, दीडशे किलोमीटरहून लांब. वर्षातून एकदा तिची मूर्ती बोटीतून नाईलच्या प्रवाहाविरुद्ध इथे यायची, अमावास्येला आगमन आणि पौर्णिमेला परत, मधले दिवस नुसता उत्सव. भिंतीवर ती बोटींची मिरवणूक आहे, नक्की शोधा.

आणि सेथ! होरसच्या बापाला मारणारा काका. इथे भिंतीवरच्या चित्रांत तो पाणघोडा झालाय आणि होरस त्याला भाल्याने भोसकतोय, पण पाणघोडा इतका चिमुकला की पटकन दिसतच नाही. गाईड म्हणाला मोठा कोरला तर त्याच्यात ताकद येईल म्हणून. भारीच लॉजिक आहे, मला तर पटलं. बऱ्याच देवांचे चेहरे मात्र छिन्नीने फोडलेत, नंतर आलेल्या ख्रिश्चन लोकांनी.

क्रूझवाले इथे फार वेळ देत नाहीत, त्यामुळे अंगणात फोटो काढत बसू नका, आधी गाभारा गाठा. डेंडेरा त्यांच्या प्लॅनमध्ये बहुतेक नसतंच, ते लक्सरहून वेगळी टॅक्सी करून बघावं लागतं.