डिझेल की पेट्रोल पिकअप? ट्रेलर जोडून दोन्ही चालवल्या, त्याचा अनुभव

ट्रेलर ओढायला पिकअप हवीच होती, पण डिझेल की पेट्रोल हे विचारलं की प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणे डिझेल डोळे झाकून घे, दुसरा म्हणे डिझेलचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, गिअरबॉक्स खातो. शेवटी ठरवलं की सेकंडहँडमध्ये दोन्ही बघायच्या आणि रिकाम्या नाही, आपला ट्रेलर लावूनच चालवायच्या.

आधी आकडे बघितले. 2020 ची शेवरले सिल्व्हराडो एचडी घ्या, पेट्रोल आणि ड्युरामॅक्स नावाचं डिझेल, दोन्ही इंजिनं 6.6 लिटरचीच. पॉवर 401 आणि 445 हॉर्सपॉवर, म्हणजे फार फरक नाही. पण टॉर्क पेट्रोलला साधारण 629 न्यूटन मीटर, तोही 4000 आरपीएमला, आणि डिझेलला 1234, नुसत्या 1600 आरपीएमला! आता यात मजा अशी की कंपनीने दोन्हींना एकच गिअरबॉक्स दिलाच नव्हता, डिझेलला ॲलिसन ब्रँडचा 10 स्पीड आणि पेट्रोलला साधा 6 स्पीड. म्हणजे टॉर्क जास्त तर बॉक्स पण तेवढा तगडा, मग "डिझेल गिअरबॉक्स खातं" हे सरसकट कसं म्हणायचं?

चढावर फरक लगेच कळला. पेट्रोल गाडी सारखी खालचा गिअर टाकत होती, आरपीएम वर, आवाज मोठा, जरा वेग आला की परत वरचा गिअर आणि परत खाली. टो मोड (ट्रेलर ओढताना गिअर सारखे बदलू नयेत म्हणून असलेली सेटिंग) लावला तेव्हा कुठे ती शांत झाली. डिझेल त्याच चढावर आरामात गेली. उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा) ज्याने वापरलाय त्यालाच माहीत, ब्रेकला पाय लावायची वेळ फार कमी आली.

मी मात्र जास्त लक्ष ठेवलं ते ट्रान्समिशन ऑइलच्या टेंपरेचरवर, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसताना तो स्लिप होतो आणि स्लिपमध्ये वाया गेलेली ताकद ऑइल तापवण्यात जाते, त्यामुळे कमी स्पीडला जड ट्रेलर घेऊन चढ चढणं हे सगळ्यात वाईट, मग इंजिन कुठलंही असो.

एक डिझेल गाडी दिसायला एकदम चकाचक होती. गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून टिश्यूवर थेंब टाकला तर ऑइल तपकिरी, वर जळका वास. विचारल्यावर मालक अभिमानाने म्हणाला, चिप ट्यून केलीय (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलीय), काय पळते बघा! ट्यूनने टॉर्क वाढतो, गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट मात्र कंपनीच्याच असतात, त्या स्लिप होणारच ना. हात जोडून निघालो तिथून.

शेवटी पेट्रोल घेतली. माझा ट्रेलर मध्यम वजनाचा आणि बाकीचं चालवणं सगळं जवळजवळचं, त्यात डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नीट तापतच नाही, रीजन, म्हणजे ती काजळी जाळून टाकणं, अर्धवट राहतं आणि काजळी साठत जाते. रोज जड माल लांब न्यायचा असता तर डिझेलच घेतली असती, यात वादच नाही. गाडी घरी आल्यावर पहिलं काम केलं ते गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलायचं, आणि आता ट्रेलर लावला की टो मोड आधी, मग ॲक्सिलरेटर.