बॅटरी बदलायच्या आधी हे बघा
गुहागरला किनाऱ्यालगत कॅरव्हॅन, म्हणजे आपलं चाकांवरचं घर, लावली की चार्जिंगची कटकट ठरलेली, आणि लोक पहिलं काय करतात तर नवीन बॅटरी आणतात, अरे थांबा जरा! आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, काढा. चार्जर आणि लोड (दिवे, पंखे वगैरे बॅटरीवर चालणारं सगळं) बंद करून काही तास बॅटरी तशीच ठेवा, मग १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी फुल, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामीच. चार्जिंग जोरात चालू असताना चार्जरपाशी १४.४ आणि बॅटरीच्या टर्मिनलवर १३ च येत असतील तर मधल्या वायरिंगमधेच व्होल्टेज पडतंय, बॅटरी बिचारी उगाच बदनाम. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत फ्यूज होल्डर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि खास करून चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, अर्थिंग, यांच्यावर हिरवट थर चढतो. सप्लाय काढून, बॅटरी सोडवून ते सगळं पॉलिश पेपरने घासा, बोल्ट घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. आणि गाडीच्या अल्टरनेटरवर चार्ज करत असाल तर लांबलचक बारीक वायर अजिबात नको, तिच्यातही व्होल्टेज पडतंच.